गडद निळी बेडरूम: नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीआधी आमच्या पुण्यातल्या फ्लॅटची १० बाय ११ची बेडरूम गडद निळी केली. चारही भिंती निळ्या, छत पांढरं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा खोलीची अंधारकोठडी होईल." आता एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्या खोलीत काढलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

खोली लहान वाटत नाही. संध्याकाळी दिवा लावला की कोपरे सावलीत मिसळून जातात आणि भिंत नेमकी कुठे संपते तेच कळत नाही. जुनं सागवानी कपाट पांढऱ्या भिंतीपुढे मळकट दिसायचं, त्याचा तांबूस रंग आता कुठे दिसायला लागला. दिवसा मात्र प्रकाश कमी पडतो हे खरं. असा रंग अंगावर पडलेल्या उजेडापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त उजेड गिळून टाकतो. खिडकी एकच, तीही उत्तरेला, त्यामुळे जुलैत दुपारी चारलाच दिवा लागतो.

आणि दिव्यानेच मला सगळ्यात जास्त छळलं. छान ऊबदार वाटेल म्हणून २७०० केल्व्हिनचे (हा उजेडाच्या रंगाचा आकडा: कमी तितका पिवळा, जास्त तितका पांढरा-निळसर) पिवळे बल्ब आणले, तर भिंती चक्क काळ्या दिसायला लागल्या. पिवळ्या उजेडात निळा मुळातच कमी, मग भिंत परत काय पाठवणार? ६५००च्या पांढऱ्या ट्यूबमध्ये निळा खुलला, पण दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं. शेवटी छताला ४००० आणि उशाशी छोटा पिवळा दिवा, असं जमलं. रंग निवडताना दुकानातल्या कार्डावर जाऊ नका. छोटा डबा आणून मोठ्या पुठ्ठ्यावर लावा आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा.

पेंटरने दोन हात सांगितले होते, लागले चार. दोन हातांनंतर रोलरचे पट्टे स्पष्ट दिसत होते. गडद रंग ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळायच्या मूळ रंगात, बनवतात त्यात पांढरं रंगद्रव्य जवळपास नसतंच, त्यामुळे खालचं झाकायची ताकद कमी. पुट्टीवर पांढऱ्याऐवजी राखाडी प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारला असता तर एक हात नक्की वाचला असता. सहा लिटर संपल्यावर पुन्हा चार लिटर आणले आणि त्याची छटा केसभर वेगळी निघाली. सगळा रंग एकदम घ्या आणि एकाच बादलीत ढवळून मगच लावा.

आता पलंगाच्या उशाकडची भिंत. मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, फिनिश पहिले दोन महिने मखमलीसारखं दिसलं. मग डोकं टेकतो तिथे तेलाचा तळहाताएवढा डाग पडला. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसला, तर डाग फिका झाला पण तेवढीच जागा चकाकायला लागली. उरलेला रंग ब्रशने लावून पाहिला, तर ठिगळ लावल्यासारखं दिसलं. गडद मॅटमध्ये टचअप लपत नाही, अख्खी भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत मारावी लागते. घरात लहान मुलं असतील तर थोडी चकाकी असलेलं, धुता येणारं फिनिशच घ्या.

पावसाळ्यात बाहेरच्या बाजूच्या भिंतीला आतून, खालून वीतभर उंचीपर्यंत पांढरे क्षार फुटले, मीठ सांडल्यासारखे. पांढऱ्या भिंतीवर ते मला कधी दिसलेच नव्हते. म्हणजे ओल आधीपासूनच होती.

एवढं सगळं होऊनही परत पांढऱ्याकडे जाणार नाही. आजी दिवाळीला चुन्यात नीळ कालवून घर सारवल्यासारखं लख्ख करायची, तो निळा फिका आणि थंडगार होता. हा त्याच्याहून कितीतरी खोल, पण रात्री दिवा मालवल्यावर तसाच शांत वाटतो. सासूबाई दुपारची झोप आता इथेच काढतात. पाऊस संपून भिंत वाळली की आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग आणि मग उशाकडची भिंत थोड्या चकाकीच्या सॅटिन फिनिशमध्ये. छटेचा नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय.