पहिल्या बाइकला काय लावावं: लेग गार्ड की फ्रेम स्लायडर?

नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात तीन सल्ले फुकट मिळतात: टेफ्लॉन करून घे, सीट कव्हर टाक आणि लेग गार्ड लाव. पहिल्या दोन्हींबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिसऱ्याबद्दल जरा बोलायचं आहे, कारण त्याला आता पर्याय मिळतो आणि नवख्याला तो सहसा कुणी सांगत नाही.

माझ्या यामाहा एफझीला शोरूममधूनच लेग गार्ड, म्हणजे इंजिनाच्या पुढे दोन्ही बाजूंना बाहेर येणारा लोखंडी पाइप, लावून आला होता. पुढे तो काढून मी फ्रेम स्लायडर लावले, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बोल्टाने बसणारे टणक प्लास्टिकचे ठोकळे. गार्ड असतानाही गाडी आडवी झाली आहे आणि स्लायडर असतानाही, तेव्हा हे अगदीच ऐकीव नाही. मोजमाप मात्र काही केलेलं नाही, जे दिसलं ते सांगतो. आणि बोलतोय ते रोज ऑफिसला न्यायच्या १५०-१६० सीसीच्या उघड्या गाड्यांबद्दल. फेअरिंगवाल्या, म्हणजे बाजूने प्लास्टिकने झाकलेल्या गाड्यांचं आणि साडेतीनशेच्या जड गाड्यांचं गणित वेगळं.

आधी पडणं कसलं ते पाहू. नवखा माणूस ऐंशीच्या वेगात क्वचित पडतो. तो पडतो यू-टर्नमध्ये गाडी बंद पडली म्हणून, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला म्हणून, बारीक खडीवर पाय टेकवला म्हणून, नाहीतर साइड स्टँड अर्धवटच बाहेर आलेला असताना गाडी त्याच्या भरवशावर सोडली म्हणून. गाडी जवळजवळ उभीच असते आणि बघता बघता आडवी होते. अशा वेळी क्लच लिव्हर, आरसा, इंडिकेटर, गिअरचा दांडा, फुटरेस्ट आणि टाकीच्या बाजूचं प्लास्टिक एवढ्यांवर बेतते. इंजिनाचं कव्हर अशा पडण्यात फुटलेलं मी तरी पाहिलेलं नाही. त्यामुळे दुकानदार ‘दादा, इंजिन वाचतं’ असं छातीठोकपणे म्हणतो तेव्हा ते अर्ध्यावर घ्यावं.

लेग गार्डाची बाजू आधी मांडतो, कारण अशा सावकाश पडण्यात तो खरोखर चांगला आहे. पाइपचा बाक बाहेर आलेला असल्यामुळे गाडी पूर्ण झोपत नाही, तिरकी अडकून राहते. पाय खाली सापडला तरी घोट्यापाशी फट उरते. शिवाय तिरकी राहिलेली गाडी एकट्याने उचलणं पुष्कळ सोपं जातं, आणि भर चौकात चार लोक बघत असताना त्याची किंमत कळते. स्लायडरवर पडलेली गाडी बरीच खाली जाते. हा फरक खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही.

वेगातल्या अपघाताचं मात्र तसं नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. १९८१च्या त्यांच्या अहवालात क्रॅश बारबद्दल, म्हणजे आपल्या लेग गार्डाबद्दल, म्हटलं आहे, की घोट्याच्या आणि पावलाच्या दुखापती कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या वाढतात, आणि एकूण फायदा काही उरत नाही. तो काळ वेगळा, ते रस्ते वेगळे, मान्य. पण गार्ड आहे म्हणून हायवेला त्यावर पाय टाकून आरामात बसणारे दिसतात, तेव्हा मला हा अहवाल आठवतो.

आता ‘गार्ड मजबूत, स्लायडर नाजूक’ या वादाकडे. इथे गाडीखाली वाकून फ्रेम बघावी लागते. स्प्लेंडर किंवा जुनी पल्सर १५० घ्या. इंजिनाच्या खालून फ्रेमच्या नळ्या गेलेल्या असतात, गार्डाला धरायला भक्कम लोखंड मिळतं. एफझीची फ्रेम डायमंड पद्धतीची. तिथे इंजिनाखाली नळीच नाही, इंजिन हाच सांगाड्याचा एक भाग. अशा गाडीला गार्ड लावा किंवा स्लायडर, दोघांचा भार शेवटी इंजिन माउंटिंगच्या बोल्टावरच येतो. म्हणजे मजबुतीची अर्धी भांडणं इथेच मिटतात. उलट गार्डाचा पाइप लांब असल्यामुळे तो त्या बोल्टाला जास्त पिळतो. स्वस्तातल्या गार्डात बोल्टाच्या आधी पाइपच वाकतो, आणि खरं सांगायचं तर ते बरंच आहे.

पुण्यात नाना पेठेत गार्डांची भिंतच्या भिंत लटकलेली असते. निवडताना चकाकी बघू नका. वेल्डिंगचा सांधा कुठे आहे ते बघा, पाइपची तोंडं बंद आहेत का बघा (उघडी असली तर पहिल्याच पावसाळ्यात आतून गंज धरतो), आणि लावल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, पुढचा शॉकअप जोरात दाबून मडगार्ड कुठे घासत नाही ना याची खात्री करा. आवाजाचंही बघावं लागतं. माझा गार्ड साठच्या पुढे भणभणायचा. बोल्टाखाली रबरी वॉशर टाकल्यावर महिनाभर गप्प, मग पुन्हा सुरू. हे त्रासदायक होतं, पण एवढ्यासाठी मी तो काढला नसता.

काढला तो पार्किंगमुळे.

आमची सोसायटी नव्वदच्या दशकातली. पार्किंग आखलं तेव्हा फ्लॅटमागे एक स्कूटर धरली होती, आता फ्लॅटमागे दोन-तीन दुचाकी आहेत. गाड्या भिंतीला तोंड करून, एकमेकींना खेटून, सगळ्या साइड स्टँडवर डावीकडे कललेल्या. गार्ड काही हँडलपेक्षा रुंद नसतो, हे दुकानदार सांगतो ते बरोबरच आहे. पण हँडल वर असतं. एक गाडी हातभर मागे घेतली की दोन हँडलं एकमेकांत बसतात, लोकांना त्याची सवय असते. गार्ड असतो खाली, पायांच्या पातळीला, आणि तिथे शेजारच्या गाडीचे सगळे दांडे असतात. माझ्या डावीकडच्या गाडीची माझ्याकडची बाजू उजवी, म्हणजे ब्रेकचं पेडल आणि किक. उजवीकडच्या गाडीची डावी, म्हणजे गिअरचा दांडा आणि साइड स्टँड. गार्डाचा खालचा बाक नेमका यांच्या मागे जाऊन बसतो. वरून बघणाऱ्याला दोन गाड्यांमध्ये चांगली वीतभर जागा दिसते.

सकाळी नऊला शेजारचे काका घाईत गाडी मागे ओढतात. त्यांची किक माझ्या गार्डात. जोराने ओढली की माझी गाडी मागे सरकते, आणि त्यांनी सुटावी म्हणून पुढे ढकलली की माझीही पुढे जाते. गाडी पुढे गेली की साइड स्टँड मिटतो, आणि स्टँड मिटला की गाडी डावीकडे, म्हणजे काकांच्याच गाडीवर. काकांचा काही दोष नाही. त्यांना गार्ड दिसतच नव्हता. वॉचमन वर येऊन बेल वाजवायचा, “दादा, तुमची गाडी पडलीये, जोशीकाकांच्या गाडीत अडकलीये, खाली या.” दोन माणसांनी दोन गाड्या धरून तिसऱ्याने खाली बसून पेडल सोडवायचं, असा तो कार्यक्रम. गाडी गिअरमध्ये लावून ठेवायला लागलो तेव्हा प्रकार कमी झाला, थांबला नाही.

थोडक्यात, पडल्यावर वाचवायला घेतलेली वस्तूच गाडी पाडत होती. रस्त्यावर माझी गाडी जितकी पडली त्यापेक्षा पार्किंगमध्ये जास्त पडली, आणि तीही मी झोपेत किंवा ऑफिसच्या तयारीत असताना. लक्ष्मी रोडला गर्दीत एखाद्या ॲक्टिव्हाच्या फुटबोर्डाला गार्ड घासणं वगैरे वेगळंच, पण ते माझ्या हातात होतं. पार्किंग नव्हतं.

स्लायडर लावल्यावर हा प्रश्न संपला. त्याचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, त्याच्या मागे काही अडकायला आकडाच नाही. शेजारची गाडी घासली तर घसरून जाते.

स्लायडर घेताना दोन-तीन गोष्टी मात्र काटेकोरपणे पाहाव्यात. काळा ठोकळा डेलरिनसारख्या टणक, घासला तरी न फुटणाऱ्या प्लास्टिकचा असावा. रबराचा नको, तो रस्त्याला पकडून बसतो. आतल्या बोल्टाचं डोकं ठोकळ्यात चांगलं खोल गेलेलं हवं. ते पृष्ठभागाला लागून असलं तर थोड्या घासण्यातच बोल्ट रस्त्याला लागतो. लांबलचक ठोकळा दिसायला दणकट, पण जितका लांब तितका बोल्ट वाकायची शक्यता जास्त. बाजूला प्लेट असलेला, दोन ठिकाणी धरणारा मिळाला तर तो घ्यावा. बोल्टावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा कोरलेला असतो. काहीच कोरलेलं नसेल तर दुकान बदला.

बसवताना मेकॅनिक दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम काढायला लागला तर हात धरा. इंजिन किंचित खाली बसतं, भोकं जुळत नाहीत, मग हातोडीने बोल्ट ठोकण्याचा प्रकार होतो आणि आटे जातात. इंजिनाखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा द्यायचा, एका बाजूचं पूर्ण झालं की दुसरी. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळता येणारा पाना, वापरायला सांगा. गल्लीतल्या गॅरेजात तो असला तरी मागितल्याशिवाय कपाटातून बाहेर येत नाही. मूळ बोल्ट घरी जपून ठेवा. गाडी चांगली आपटली असेल तर वरून ठोकळा ठीक दिसला तरी बोल्ट काढून सरळ आहे का ते पाहायलाच हवं. गार्डाला हा उपद्व्याप नाही, तो वाकला की दिसतो. स्लायडरची आणखी एक उणी बाजू म्हणजे कच्च्या साइडपट्टीवर तो मातीत रुतू शकतो, आणि वेगात असताना ते चांगलं नाही.

पैशांत फार फरक नाही, साधे दोन्ही हजार-दोन हजारांच्या आसपास मिळून जातात. शोरूमवाले ‘ॲक्सेसरी किट’च्या नावाखाली गार्ड, मॅट, कव्हर एकत्र गळ्यात मारतात. किट सक्तीचं नसतं, पावती वेगळी मागितली की आवाज मऊ होतो. बाहेरून लावलेली वस्तू पॉलिसीत नोंदवलेली नसेल तर तिचं नुकसान विम्यात येत नाही. आणि लिव्हर-आरशासारख्या किरकोळ मोडतोडीसाठी क्लेम करू नका, पहिल्या वर्षानंतर मिळणारा २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, त्यात जातो.

एक विषयांतर. दिसायला बरं नाही म्हणून पोरं साडी गार्ड काढून टाकतात. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाप्रमाणे मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण लागतं, ही एक गोष्ट. दुसरी अशी, की डावीकडे पडताना मागचा अर्धा भार तोच घेतो. स्लायडर पुढे, साडी गार्ड मागे, अशी जोडी लागली तर माझ्या अनुभवात टाकीला ओरखडाही येत नाही.

आणि खरी स्वस्त सुधारणा या दोन्हींत नाहीच. क्लच आणि ब्रेक लिव्हरचे हँडलवरचे क्लॅम्प मेकॅनिक आवळून टाकतात. ते एवढेच घट्ट ठेवा, की चालवताना हलणार नाहीत पण जोरात ढकललं तर फिरतील. गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी वर फिरते, हाताने परत जागेवर आणायची आणि निघायचं. याला पैसाही लागत नाही. तरी एक क्लच लिव्हर सीटखाली किंवा बॅगेत असू द्या. ताम्हिणीत पावसात लिव्हर मोडली तर तिथे कोण देणार?

तर निवड. गाडी अंगणात, वाड्यात किंवा ऐसपैस पार्किंगमध्ये एकटी उभी राहत असेल, फ्रेमला खाली नळ्या असतील, आणि चालवणारा किंवा चालवणारी उंचीने कमी, पाय नीट न टेकणारी असेल, तर लेग गार्ड लावायला माझी हरकत नाही. माझा भाचा शिरूरला राहतो, त्याच्या स्प्लेंडरला मीच गार्ड बसवून घ्यायला सांगितलं. माझा काढलेला त्याला देणार होतो, पण क्लॅम्प जुळेनात. गार्ड ज्या त्या मॉडेलपुरताच असतो, तेव्हा जुन्या बाजारात स्वस्त दिसला म्हणून उचलू नका. शहरातल्या सोसायटीत गाड्या खेटून लागत असतील तर मी स्लायडरकडे झुकेन. ठरवण्याआधी एकदा रात्री दहानंतर, सगळे घरी आल्यावर, खाली जाऊन आपल्या गाडीच्या दोन्ही बाजूंना पायांच्या पातळीवर किती जागा उरते ते बघून या.