१९२६ चा कायदा की १९२९ चा?

कामगारांसाठी कोणता कायदा बरा, हा प्रश्न. दोन्ही कायदे इंग्रजी अमदानीतले, पण स्वभाव वेगळे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यामागे मद्रासच्या बिन्नी गिरणीचा खटला आहे. कामगारांची संघटना बांधली, संपाला साथ दिली, म्हणून मालकांनी कामगार पुढारी बी. पी. वाडिया आणि सहकाऱ्यांना कोर्टात खेचलं आणि हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. संघटना करणं हाच जणू गुन्हा! कामगार पुढारी ना. म. जोशींनी १९२१ मध्ये असेंब्लीत, म्हणजे मध्यवर्ती कायदेमंडळात, कायद्याचा आग्रह धरला. १९२६ च्या त्या कायद्यात संघटनेच्या नोंदणीला सात जणांच्या सह्यांचा अर्ज पुरे होता. गिरणीतल्या सात माणसांची नावं, सरकारी दप्तरात! नोंदणी झाली की कटाचा आरोप आणि नुकसानभरपाईचे दावे यांपासून बरंच संरक्षण मिळे. पण युनियनला मान्यता द्यायची सक्ती मालकांवर नव्हती. ही उणीव मला फार मोठी वाटते.

१९२९ चा ट्रेड डिस्प्यूट्स, म्हणजे औद्योगिक तंट्यांचा, कायदा आला तो मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९२८ चा सहा महिन्यांचा संप पाहून. तंटे मिटवायला चौकशी न्यायालय, समेट मंडळ दिलं खरं. पण सार्वजनिक सेवांत नोटिशीविना संपाला शिक्षा, आणि सरकारला वेठीस धरणारा सार्वत्रिक संप बेकायदा.

निवड करायचीच तर मी पहिल्याच्या बाजूने. अपुरा असला तरी त्याने कामगाराच्या हाती काही दिलं. दुसऱ्याने मुख्यतः काढून घेतलं.