सोसायटीच्या ॲपमधली गाळणी: पाचपैकी तीन तारे

आमच्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. पार्किंगवरून ग्रुपवर शिवीगाळ वाढली, म्हणून ॲपमधली अपशब्द आपोआप गाळायची सोय चालू केली. पहिला आठवडा सुखाचा गेला. रात्री साडेअकराला भांडणं सोडवायला उठावं लागलं नाही, हे मान्य.

मग तळमजल्यावरच्या काकूंचा मेसेज अडकला. त्यांना जुना फ्रिज विकायचा होता. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला ‘सेल’ मशीनने ‘साले’ असा वाचला! दोन दिवस काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. दुखणं जुनंच म्हणा. १९९६मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या अशाच गाळणीने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्पच्या लोकांना गावाच्या नावात दडलेल्या चार अक्षरी इंग्रजी शिवीपायी खातं उघडू दिलं नव्हतं.

आणि खरी शिवी? अक्षरांमध्ये टिंबं घातली की बिनदिक्कत जाते. ‘अक्कल गहाण ठेवलीत का’ तर टिंबांशिवायच जातं.

आता ‘थेट उडवा’ऐवजी ‘आधी ॲडमिनला दाखवा’ ठेवलंय. रोज सात-आठ मेसेज सकाळच्या चहाबरोबर तपासतो. एखाद्या शब्दाला सूट देता येते, पण ते बटण तीन मेनूंच्या आत पुरलंय. नातवाने शोधून दिलं, त्याला भेळ खाऊ घातली.