वीरगळ गावातच ठेवायचा की संग्रहालयात द्यायचा?

देवळामागचे दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, हलवावेत का, असं भाच्यानं विचारलं.

टिकाऊपणात संग्रहालय सरस. ऊन-पाऊस नाही, शेंदूर, ऑइलपेंटचे थर चढत नाहीत. पण अर्धा पुरलेला दगड उपटताना तडकू शकतो.

खर्च जागेवर कमी: चौथरा, वर छप्पर. मात्र सिमेंट कोरीवकामाला लागू देऊ नका.

अर्थाचं काय? दगडावर तळाशी धारातीर्थी पडलेला वीर, मध्ये लढाई, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर नौकायुद्ध आहे. शिवलिंग हा त्या स्मारकाचाच भाग, म्हणून गावानं फूल वाहिलं तर मला ते जतनच वाटतं.

पूजा, राखण चालू असेल तर जागेवरच. रस्त्याच्या कामात दगड सापडला, चोरीची भीती असेल, तर पुरातत्त्व खात्याला कळवून संग्रहालय.