सालारजंग म्युझियम, हैदराबाद: एका घड्याळजीच्या नजरेतून

नांदेडला वजिराबाद भागात आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. सुटे भाग आणायला हैदराबादला जाणं होतंच, आणि हातात वेळ असला की मी सालारजंग म्युझियम चुकवत नाही. या वेळी बायको आणि पुतण्या बरोबर होते आणि अख्खा दिवस मोकळा होता, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडचे बहुतेक लोक चारमिनार आणि जेवण यांच्या मधल्या दीड-दोन तासांत हे म्युझियम उरकतात. कृपा करून तसं करू नका.

हा सगळा संग्रह मुळात एका घराण्याचा आणि त्यातही मुख्यतः एका माणसाचा. मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांचा जन्म १८८९ चा. १९१२ मध्ये ते निजामाचे दिवाण झाले. १९१४ मध्ये पद सोडलं आणि १९४९ मध्ये जाईपर्यंत वस्तू जमवत राहिले. लग्न केलं नाही, मागे वारस नव्हता. १९५१ च्या डिसेंबरात त्यांच्या दिवाण देवडी या वाड्यातच नेहरूंच्या हस्ते म्युझियम सुरू झालं. १९६१ मध्ये संसदेनं कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला आणि १९६८ मध्ये सगळं मुसीकाठच्या आताच्या इमारतीत आलं. कारभार सरकारकडे गेला, तरी आत फिरताना एकाच माणसाची आवड जाणवत राहते. जेड या कठीण दगडाच्या वस्तू, हस्तिदंत, हस्तलिखितं यांच्या बरोबरीनं हातातल्या काठ्या आणि लहान मुलांची खेळणीही त्यानं तितक्याच प्रेमानं जपलीत. मला हा माणूस त्यासाठीच आवडतो. किंमत बघून नाही, कारागिरी बघून घेणारा.

आता घड्याळ. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं हे संगीत घड्याळ बघायला खाली मोकळ्या जागेत बाकं मांडलेली आहेत आणि बाराच्या सुमाराला तिथं उभं राहायलाही जागा नसते. तास भरायला तीन मिनिटं उरली की छोटं दार उघडून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, घंटेपाशी थांबतो, तास झाला की टोले देतो आणि परत आत जातो. लोक मोबाइल वर धरतात, मुलं मोठ्यानं टोले मोजतात, शेवटचा टोला पडला की टाळ्या होतात आणि दोन मिनिटांत बाकं रिकामी.

माझं सांगणं असं, की बाराला जाऊच नका. बारा टोले ऐकायचे म्हणून सगळे तेव्हा येतात, पण दुपारी दोन-तीनला या, पुढची जागा मिळेल. टोले कमी पडतील, पण तो लोहार नीट बघायला मिळेल. घड्याळावर एक लोहार बसवलाय आणि तो सेकंदासेकंदाला हातोडा मारतो. दाढीवाला तासाला एकदा येऊन जातो. लोहाराला सुट्टीच नाही. गर्दीत त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. साडेतीनशेहून जास्त भागांचं हे यंत्र आहे, आणि इतके भाग एका लयीत ठेवणं म्हणजे काय, हे ज्यानं आयुष्यभर लंबक आणि दातेरी चाकं हाताळली त्याला विचारा. टोल्याच्या घड्याळात वेळेची चाकं वेगळी आणि टोल्याची चाकं वेगळी असतात. तास व्हायच्या थोडं आधी टोल्याची चाकं किंचित सुटून पुन्हा अडतात आणि कान लावला तर आत बारीकसा आवाज येतो. आम्ही दुरुस्तीला आलेलं घड्याळ त्या आवाजावरून तपासतो. दाढीवाला तीन मिनिटं आधी बाहेर येतो तेव्हा मला तोच आवाज आठवतो. आतली तयारी कारागिरानं लहान मुलालाही दिसेल अशी बाहेर आणून ठेवली आहे.

हे झालं की घड्याळांच्या स्वतंत्र दालनात जा. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची घड्याळं, माणसाच्या उंचीची उभी घड्याळं, भिंगातून बघावी लागतील इतकी चिमुकली घड्याळं, सगळं आहे. मी सर्वांत जास्त वेळ थांबतो ते सांगाड्याच्या घड्याळांपाशी. त्यांना पेटी नसते, सगळी चाकं उघडी. पुतण्याला तिथं उभं करून दाखवलं की कमानीची ताकद कुठून कुठं जाते आणि तिला एकेक दात करून सोडणारा अँकर कोणता. दुकानात चार वेळा सांगून त्याला कळलं नव्हतं, ते तिथं दहा मिनिटांत कळलं.

बुरख्यातली रेबेका सगळेच बघतात आणि बघावीच. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची संगमरवरी मूर्ती, पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये रोममध्ये घेतलेली. दगडाचा पदर चेहऱ्यावर ओला चिकटल्यासारखा दिसतो. मेफिस्टोफेलिस आणि मार्गारेटा यांची लाकडी मूर्तीही चुकवू नका. एकाच ओंडक्यात पुढून ताठ मानेचा सैतान आणि मागून मान खाली घातलेली मुलगी. मागे आरसा लावलाय, त्यामुळे दोघं एकाच वेळी दिसतात.

युरोपातल्या चिनी मातीच्या भांड्यांत माझा जीव रमत नाही. हिचा रमतो, तेव्हा तिला तिथं सोडून मी जेडच्या दालनात गेलो. नूरजहाँची फळं कापायची सुरी, जहांगीराची कट्यार, शाहजहानची धनुष्य ओढताना अंगठ्यात घालायची अंगठी. जेड पोलादी हत्यारानं कोरता येत नाही, त्याहून कठीण भुकटीनं घासून घासून आकार द्यावा लागतो. एका पानाच्या शिरा काढायला कारागिराचे किती दिवस गेले असतील! माणकं बसवलेली हत्यारं बघताना मनात आलं, हेच माणिक आमच्याकडे घड्याळात बेअरिंग म्हणून येतं, मोहरीहून लहान, आणि चाकाची दांडी वर्षानुवर्षं त्यात फिरत राहते.

नांदेड, लातूर, उदगीरकडच्या लोकांनी बिदरीचं दालन सोडलं तर मात्र मला वाईट वाटेल. बीदर आपल्या शेजारचं, आपला मराठवाडा आणि बीदर दोन्ही एकाच निजामी राज्यात होते. हुक्क्याचे तळ, पानदानं, सुरया, ताटल्या, काळ्याभोर धातूवर चांदीची वेल. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, छिन्नीनं नक्षी खोदतात, खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि घासून एकसारखं करतात. तोवर सगळं भांडं चंदेरीच दिसतं, नक्षी वेगळी ओळखू येत नाही. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून लावली की जस्ताचा भाग काळा पडतो आणि चांदी जशीच्या तशी राहते. जवळ जाऊन पाहिलं तर तार कुठं वळवली, कुठं तोडून नव्यानं सुरू केली, हे दिसतं. एका पानदानाच्या झाकणावर मधल्या फुलाच्या पाकळ्या सारख्या नाहीत, एक जराशी रुंद आहे. साच्यातून आलेल्या वस्तूत असं होत नाही. ते हाताचं काम आहे, आणि मी त्या झाकणापुढून लवकर हललो नाही.

जायचं असेल तर शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी बंद असतं. काचीगुड्याला उतरलात तर रिक्षानं फार वेळ लागत नाही, मेट्रोनं येणाऱ्यांना एमजीबीएस स्टेशन सोयीचं. सकाळी दहाला दार उघडतं तेव्हाच आत शिरा. सुरुवात बिदरी आणि जेडनं करा, डोळे ताजे असताना बारीक काम दिसतं. मोठ्या मूर्ती आणि चित्रं दुपारी बघितली तरी चालतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यांना घड्याळापुढच्या बाकांवर आधीच बसवा, आणि जवळचा चष्मा घरी विसरू नका.