टर्बो बदलला म्हणले, बदललं होतं नुसतं एक बटण

हे लिहू का नको असं आठ दिवस चाललं होतं, कारण आपणच येडे ठरलो हे चार लोकांना सांगायला कुणाला आवडतं. पण परवा ऑफिसमधल्या एकाची गाडी त्याच गॅरेजच्या दारात उभी दिसली आणि म्हणलं जाऊदे, लिहूनच टाकू. गॅरेजचं नाव लिहीत नाही, साताऱ्यातलंच आहे एवढं बास.

गाडी डिझेल, दहा वर्षं झालेली, रनिंग ९५ हजारच्या आसपास. मे महिन्यापासून आत धुराचा वास यायला लागला. सारखा नाही. पोवई नाक्याला गर्दीत अडकलो की, नायतर आनेवाडी टोलनाक्याला लाइनीत थांबलो की यायचा, आणि हायवेला ८० ला लागली की गायब. पहिले पंधरा दिवस मी पुढच्या ट्रकवाल्यांना शिव्या घालत होतो. ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे नाक्याखालच्या बोगद्यात, आला तर तिथं येणारच की, चारी बाजूंनी बंद, असं स्वतःलाच समजावत होतो.

त्यात आमच्या आईला गाडी लागते. म्हणजे लहानपणापासून बघतोय, यवतेश्वरचा घाट चढायचा म्हणलं की आवळासुपारी आणि रिकामी पिशवी आधी पर्समध्ये जाते. त्यामुळं ती डोकं धरून बसली की आम्ही कुणी मनावरच घ्यायचो नाही. पण ह्या वेळेला गोडोलीतनं राजवाड्यापर्यंत जाईस्तोवर तिचं डोकं ठणकायला लागलं. गोडोली ते राजवाडा कुठला आलाय घाट. आमच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, ते बरं होतं, मग त्यांनी एकच विचारलं, गाडीतनं उतरल्यावर अर्ध्या तासात थांबतं का? आई म्हणली हो. डॉक्टर म्हणले मग गोळी नंतर, आधी गाडी दाखवा, आणि तोवर काचा उघड्या ठेवूनच चालवा.

त्यांनीच सांगितलं की जो वास येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा असतो, खरा वाईट असतो कार्बन मोनॉक्साइड आणि त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरानं चिकटतो. डिझेलमध्ये तो पेट्रोलपेक्षा कमी तयार होतो हे खरं, पण म्हणून आईला त्यात बसवून फिरवायचं का.

मग गेलो गॅरेजला. बाहेर चकाचक बोर्ड, आत एसी केबिन, लॅपटॉप, पोरांना एकसारखे टीशर्ट. मी सगळं नीट सांगितलं, उभ्या गाडीत येतो, पळत्या गाडीत येत नाही, एसीचं आतली हवा फिरवायचं बटण दाबलं की कमी होतो. हे बटणाचं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं हे लक्षात ठेवा. मालक म्हणला, साहेब, एसी फिल्टर घाण झालाय. ८५० रुपये. चार दिवसांनी परत गेलो तर कूलिंग कॉइल क्लीनिंग, ३,२०० रुपये. दोन दिवस गाडीत लिंबासारखा सेंट यायचा, नंतर लिंबू आणि धूर दोन्ही. आता कळतंय की एसी फिल्टर धूळ अडवतो, असला गॅस अडवायचं ते कामच नाही.

तिसऱ्या वेळेला लॅपटॉप लावला, स्क्रीनवर काहीतरी लाल लाल दाखवलं आणि तोंड पाडून म्हणला, टर्बो गेलाय. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. कुठनं तरी एक काळाकुट्ट टर्बो आणून त्याचा दांडा माझ्या बोटानं हलवायला लावला, बघा साहेब किती प्ले आलाय, हा तुमचाच. मी हलवला, हलला. आपल्याला काय कळतंय. नवीन ४५ हजार, रिकंडिशन २६,५००. आईचा विषय काढून वर म्हणला, घरच्यांच्या जिवापुढं पैसा काय साहेब. तिथं मी मेलो. यूपीआय केलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घेतली. वास शून्य! येताना घरी कंदी पेढे नेले, खोटं नाही सांगत.

आठवडाभर वास नव्हता. मग जुलैतल्या एका रविवारी पाहुण्यांना घेऊन कासला निघालो. यवतेश्वरच्या पुढं असलं धुकं की बोनेट दिसंना आणि आत पाच माणसांच्या श्वासानं काच पांढरी. काच साफ करायला बाहेरची हवा आत घ्यावी लागते, म्हणून हात घातला तर आतली हवा फिरवायचं बटण आधीच ऑन होतं. मी ते कधीच ऑन ठेवत नाही. बंद केलं, काच साफ झाली आणि पुढच्या वळणाला जीप आडवी आली म्हणून थांबलो तर तोच वास भसकन आत. माझ्या डोक्यात तिथंच ट्यूब पेटली. पोरांनी बोनेट स्वच्छ धुतलं होतं, बटण दाबलं होतं, आणि माझ्याकडनं २६,५०० घेतले होते. मीच सांगितलेलं बटण.

दुसऱ्या दिवशी करंज्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो, पत्र्याची शेड, लॅपटॉप बिपटॉप काही नाही. ते म्हणले गाडी रात्रभर इथंच ठेवा, सकाळी गार इंजिनला बघू. सकाळी बोनेट उघडून स्टार्ट केली आणि मला म्हणले, दादा, कान द्या. चुक चुक चुक चुक असा बारीक आवाज, शिलाई मशीन लांब चालल्यासारखा. वरचं प्लास्टिक कव्हर काढलं तर तीन नंबरच्या इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नळीच्या, बुडाला डांबर ओतल्यासारखा काळा थर. त्यावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकले, लगेच बुडबुडे. "ह्यो बगा तुमचा टर्बो," म्हणले आणि हसले.

इंजेक्टरच्या खाली तांब्याचं एक वॉशर असतं, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. ते खराब झालं की सिलिंडरमधला जळका गॅस तिथनं वर सुटतो आणि बोनेटखाली साठतो. वायपरच्या खाली जी जाळी आहे ना, केबिनचा पंखा तिथनंच हवा ओढतो, म्हणून गाडी उभी असली की वास आणि पळाली की वारा तो घेऊन जातो. बटण दाबलं की ती वाटच बंद, पण गळती चालूच. पळत्या गाडीत मागची काच उघडी असताना वास आला असता तर त्यांनी आधी डिकीचं रबर आणि सायलेन्सर बघितला असता, म्हणजे वास कधी येतो ह्यावरच अर्धं निदान होतं, आणि ते मी पहिल्या दिवशी फुकटात सांगितलं होतं.

मग मी टर्बोचं विचारलं. त्यांनी टॉर्च मारली. टर्बोच्या बोल्टवर गंज जशाच्या तसा, धूळ बसलेली, पाना लागल्याची एक चमक नाही कुठं. म्हणले हा कंपनीतनं आल्यापासून हललेला नाही. आणि तो दांडा? म्हणले आडवा थोडा हलतोच, तेल आत भरलं की तो त्यावर तरंगतो, पुढं-मागं सरकला तर काळजी करायची. मी फोटो काढले, व्हिडिओ काढला. चारही वॉशर नवीन, वॉशर बसायची जागा कटरनं साफ, मजुरी धरून २,६००. अजून दोन महिने तसंच चालवलं असतं तर म्हणे तो थर दगडासारखा होऊन इंजेक्टरच निघाला नसता.

फोटो घेऊन पहिल्या गॅरेजला गेलो. मालक आधी चढलाच अंगावर. मग मी जुना टर्बो माझा होता तर त्याचा नंबर दाखव म्हणलं, तर म्हणला भंगारात गेला. बिल काढलं तर ते बिल नव्हतंच, एस्टिमेटचा पिवळा कागद, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. घेताना मी काय बघत होतो देव जाणे. पण यूपीआयचा पुरावा होता. मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आणि त्याला सांगितलं की पुढं जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या केसला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तिसऱ्या दिवशी १५ हजार परत आले, सोबत मेसेज, पोराकडनं चूक झाली, उरलेले पुढच्या सर्व्हिसला ॲडजस्ट करू. म्हणजे मी गाडी परत त्याच्याच हातात द्यायची! उरलेल्या पैशांसाठी अर्ज लिहून ठेवलाय, मिस्त्रींनी बोल्टचं लेखी द्यायचं कबूल केलंय.

वास आता नाही, बटण बंद ठेवून सुद्धा नाही. राजवाड्यापर्यंत आईचं डोकं दुखत नाही. यवतेश्वरच्या घाटात मात्र परवा परत पिशवी लागली, ते खरंच तिला गाडी लागते म्हणून.