आंबा घाट, मासळी आणि होडीचा ट्रेलर: डिझेल आणि सीएनजी पिकअपचा अनुभव

आमच्या घरी आंबा आणि मासळी अशी दोन्हींची वाहतूक चालते. मार्चपासून मेअखेरपर्यंत हापूसच्या पेट्या कोल्हापूरला आणि वाशीच्या बाजारात जातात, बाकीच्या महिन्यांत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून बर्फात भरलेली मासळी गावोगाव पोहोचवावी लागते, आणि 1 जूनला मासेमारी बंदी लागण्याआधी ओळखीच्या मच्छीमारांच्या फायबरच्या लहान होड्या ट्रेलरवर घेऊन किनाऱ्यावरून वर ओढण्याचे कामही आमच्याकडे येते. या कामांसाठी पाच वर्षे दीड टन वर्गातील डिझेल पिकअप आणि तीन वर्षे एक टन वर्गातील सीएनजी पिकअप आमच्याकडे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सीएनजीचे पंप झाल्यापासून नवी गाडी घेणारा प्रत्येक बागायतदार या दोहोंतील कोणती घ्यावी असे विचारतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

दोन्ही गाड्यांची खरी परीक्षा रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरील आंबा घाटात होते. साखरपा सोडल्यावर रस्ता वळणावळणांनी चढत जातो आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत गाडी सुमारे 600 मीटर उंची गाठते. पेट्यांनी भरलेली डिझेल गाडी हा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये एका लयीत चढते, आणि वळणावर समोरून एसटी आली म्हणून थांबावे लागले तरी पुन्हा उचलताना इंजिनाची घालमेल होत नाही. सीएनजी गाडी क्षमतेइतकाच माल भरलेला असताना त्याच चढावर पहिल्या गिअरवर येते, इंजिन ओरडते आणि मागे वाहनांची रांग लागते. गाडीचा यात दोष नाही, कारण ती या कामासाठी बनवलेलीच नाही, पण विकणाऱ्याने हे घेणाऱ्याला आधी स्पष्ट सांगायला हवे असे माझे ठाम मत आहे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते, आणि हवा आत ढकलणाऱ्या टर्बोमुळे इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच भरपूर हवा मिळत असल्याने चाकांना लागणारी ओढ इंजिन हळू फिरत असतानाच तयार होते. सीएनजीची लहान पिकअप मुळात पेट्रोल इंजिनावर चालते. तिच्यात गॅस स्वतःच सिलिंडरमधील जागा व्यापतो, त्यामुळे आत येणारी हवा कमी होते आणि पेट्रोलवर मिळणाऱ्या ताकदीपेक्षाही थोडी कमी ताकद मिळते. एकाच घराण्यातील दोन गाड्या पाहिल्या तरी हा फरक कळतो: टाटा इन्ट्राच्या 1.2 लिटर सीएनजी-पेट्रोल मॉडेलचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ, 100 न्यूटन-मीटरच्या आसपास आहे, तर 1.5 लिटर डिझेल असलेल्या व्ही 50 चा टॉर्क 220 न्यूटन-मीटर आहे. अश्वशक्तीच्या आकड्यात हा फरक इतका ठसठशीत दिसत नाही, म्हणून घाटाखाली राहणाऱ्याने माहितीपत्रकात आधी टॉर्क आणि तो इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो हे पाहावे.

ट्रेलर ओढताना ही गोष्ट आणखी तीव्रतेने जाणवते. आपल्याकडील लहान मालवाहू पिकअप हौद्यात माल वाहण्यासाठी बांधलेल्या असतात, आणि हौद्यात दीड टन वाहणारी गाडी मागे दीड टन सहज ओढेल हा समज चुकीचा आहे. गाडी, होडी आणि ट्रेलर मिळून वजन 3 टन धरले आणि दर 10 मीटरला 1 मीटर असा चढ असेल, तर केवळ चढावर मात करण्यासाठी सुमारे 300 किलोची ओढ लागते. वाळूचा विरोध त्यात धरलेला नाही. हा सगळा भार सुरुवातीच्या क्षणी क्लचवर येतो. दोन वर्षांपूर्वी घाई असल्याने आम्ही सीएनजी गाडीला होडीचा ट्रेलर लावला, आणि बंदराच्या ओल्या उतारावरून तो वर काढताना तिची क्लचप्लेट जळाली. तीच होडी डिझेल गाडीने त्याच संध्याकाळी पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून, वर आणली.

मात्र डिझेल असले तरी मागची चाके शेवाळावर घसरतातच, कारण रिकाम्या हौद्याच्या पिकअपचे मागील वजन फार कमी असते. आम्ही अशा वेळी हौद्यात पंधरा-वीस जांभ्याचे चिरे ठेवतो, चाकांची पकड लगेच सुधारते. ट्रेलरवर होडी किंचित पुढे सरकवून बांधावी, म्हणजे एकूण भाराचा साधारण दहावा भाग हुकावर येतो आणि ट्रेलर रस्त्यावर शेपटासारखा हेलकावत नाही. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

एवढे असूनही डिझेल गाडी सर्वार्थाने विश्वासार्ह आहे असे मी म्हणणार नाही. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या प्रदूषणविषयक बीएस 6 मानकांमुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला, आणि ती काजळी जाळण्यासाठी धूर बराच वेळ खूप तापलेला असावा लागतो. आमची गाडी एका पावसाळ्यानंतर सलग दोन महिने बंदर ते बाजार अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारत राहिली, इंजिन कधी नीट तापलेच नाही, आणि एका पहाटे फिल्टरच्या इशाऱ्याचा दिवा लागून गाडीची ताकदच गेली. मासळी दुसऱ्या गाडीत भरावी लागली, बर्फ वितळला, गिऱ्हाईक नाराज झाले. सेवा केंद्राने प्रथम सेन्सर बदलण्याचा खर्च सांगितला. आमच्या मेस्त्रींनी मात्र गाडी महामार्गावर तासभर एका वेगाने चालवून आणायला लावली आणि दिवा गेला. तेव्हापासून आठवड्यातून एकदा ती लांब पल्ल्यावर जाते. जुन्या डिझेल गाडीसारखी ती कुठेही, कशीही राबवता येत नाही, हे घेणाऱ्याने मान्य करूनच पैसे मोजावेत.

जवळच्या फेऱ्यांसाठी सीएनजी गाडी मला मनापासून आवडते. काजळीच्या फिल्टरची कटकट नाही, इंजिन शांत चालते, ऑइल बराच काळ स्वच्छ राहते आणि किलोमीटरमागे इंधनाचा खर्च आमच्या हिशेबात डिझेल गाडीपेक्षा कमी येतो. स्पार्क प्लग आणि हवेचा फिल्टर वेळेवर बदलले तर तिने आजवर रस्त्यात थांबवलेले नाही. अडचण येते ती पंपावर: दाब कमी असला की टाकी अर्धवट भरते, आणि हंगामात रांगेत गेलेला एक तास म्हणजे मासळीच्या भावात झालेला तोटा असतो.

किनाऱ्यावर दोन्ही गाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू मात्र खारट वारा आणि मासळीचे पाणी आहे, आणि याबद्दल विक्रीच्या दालनात कोणी बोलत नाही. हौद्याच्या सांध्यांतून गळणारे खारे बर्फाचे पाणी चासीवर, स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि ब्रेकच्या नळ्यांवर पडते. आमच्या डिझेल गाडीच्या हौद्याचा तळ तिसऱ्याच वर्षी गंजून बदलावा लागला. सीएनजी गाडीत याच ठिकाणी 200 बार दाबाच्या गॅसची टाकी असते, तिची दर तीन वर्षांनी चाचणी सक्तीची आहे, म्हणून गंज दिसताच टाकीचे पट्टे आणि नळ्या तपासून घेणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे. प्रत्येक फेरीनंतर गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे आणि पावसाळ्याआधी चासीला गंजरोधक थर देणे, एवढ्याने आमचा पुढचा खर्च बराच आटोक्यात आला.

ज्याचा माल तालुक्यातच फिरतो त्याने सीएनजी घ्यावी. ज्याला आंबा, फोंडा किंवा कुंभार्ली घाट आठवड्यातून दोनदा चढायचा आहे, किंवा ट्रेलर ओढायचा आहे, त्याने जास्त किंमत सोसूनही डिझेलच घ्यावी. होड्या ओढणे हाच मुख्य धंदा असेल, तर टोयोटा हायलक्ससारखी 2.8 लिटर डिझेलची, चारही चाकांना ताकद देणारी गाडी त्या कामासाठीच घडवलेली आहे, पण आंब्याच्या पेट्यांसाठी तिची किंमत परवडत नाही. आमच्या सीएनजी गाडीचा ट्रेलरचा हुक आम्ही गेल्या वर्षीच काढून ठेवला आहे.